पहिलटकरणींनो, तुमच्या अंगाचं काय काय झालं?

वारणाकाठची

मला आठवा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून साताऱ्याहून सांगलीला आईकडे आलेय. घरी येणारं प्रत्येक माणूस बाळाचं विचारतं. लाथा मारतं का, खाली सरकलंय का, वजन किती सांगितलं. बाळ मजेत आहे. पण ते ज्या शरीरात मुक्काम ठोकून बसलंय ते इतकं बदललंय की आंघोळीच्या वेळी मीच दचकते. त्याबद्दल आपणहून कुणी चकार शब्द काढत नाही. मी विषय काढला की मात्र लगेच, "अगं, मला पण झालं होतं की!" मग आधी सांगायला काय झालं होतं?

तर हा धागा बाळाचा नाही. नावं सुचवायला आणि पाळणा कुठला घ्यावा हे विचारायला दुसरे धागे आहेत.

माझ्यापासून सुरुवात करते. पहिले तीन महिने उलट्या, त्याही वेळकाळ न बघता. फेब्रुवारीत सांगलीला आले होते. रिक्षा मार्केट यार्डाच्या बाजूनं गेली आणि हळदीचा वास नाकात शिरला. या गावात लहानाची मोठी झाले, हळदीला वास असतो हे मला कधी जाणवलं नव्हतं. रिक्षा थांबवून गटारापाशी बसले. कारखान्याच्या मळीचा वास त्यात मिसळला असता तर तिथेच आडवी झाले असते. पोटात टिकायचं फक्त भडंग, तेही बिनकांद्याचं.

चौथ्यानंतर पोट शांत झालं आणि रंग बदलायला लागला. मान आणि काखा काळवंडल्या, गालांवर वांग आले, स्तनाग्रांभोवती गडद झालं. बेंबीपासून खाली एक काळी रेघ उमटली, कुणी पट्टी धरून ओढल्यासारखी. सासूबाईंनी प्रेमानं बेसन-दही लावायला दिलं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, हार्मोन्समुळे त्वचेतलं रंगद्रव्य वाढतं, घासून जाणार नाही, बाळंतपणानंतर काही महिन्यांत फिकट होईल. उन्हात जाताना तोंड झाका, बस.

मग पाय. मी पतसंस्थेत कॅश काउंटरला असते, दिवसभर पाय खाली सोडून बसायचं. सहाव्यात चपलांचे पट्टे रुतायला लागले, सातव्यात जोडवी. बोट जांभळं पडलं तरी घरच्यांचं एकच, डोहाळजेवण होऊ दे, मग काढू. शेवटी एक साबण लावून निघालं, दुसरं सोनाराकडून कापून घ्यावं लागलं. जोडवी कापली म्हटल्यावर घरात सगळ्यांची जी तोंडं झाली! माझ्या बोटाकडे मात्र नीट बघितलं ते फक्त सोनारानं.

बाकीचं भराभर सांगते. दात घासताना हिरड्यांतून रक्त. नाक कायम चोंदलेलं, त्यामुळे मी घोरते (नवऱ्यानं रेकॉर्ड करून ऐकवलं). आडवं झालं की छातीत जळजळ. पहाटे पिंडरीत गोळे. शिंकले की थेंबभर लघवी. आणि सातव्यापासून ब्लाऊजला चिकाचे डाग. ते बघून मी घाबरून आईला हाक मारली, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "येतो की चीक." म्हणजे तिला माहीत होतं!

डोहाळजेवण जोरात झालं. फुलांची वाडी, चंद्रकोर, धनुष्यबाण, सगळं. "काय तेज आलंय," म्हणाल्या सगळ्या. या काळात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, त्वचा तेलकट होते, ते तेज. फोटोत छान आलंय. सुजलेले पाय साडीनं झाकले होते.

लिहा गं. लाज वाटत असेल तर टोपणनावं कशाला घेतलीत?

तासगावकरीण

माझं पाऊल एका नंबरनं वाढलं ते वाढलंच. लग्नातल्या कोल्हापुरी आता जाऊ घालते. सांध्यांचे बंध सैल होतात, वरून वजन येतं, पावलाची कमान खाली बसते. सूज उतरली, नंबर नाही उतरला. नव्या चपला बाळंतपणानंतरच घे. जोडवी माझीही कापली होती. नवरा ठणठणीत आहे.

यवतेश्वर

रेघेवरून आठवलं. माझ्या रेघेचं आमच्या गल्लीत वाचन व्हायचं. बेंबीच्या वर चढली तर मुलगा, खालीच थांबली तर मुलगी. शिवाय पोट टोकदार की गोल, डोहाळे तिखट की गोड. यातल्या कशावरूनही काही कळत नाही. पोटाचा आकार ठरतो तो स्नायूंचा घट्टपणा, उंची आणि बाळ कसं आडवं-उभं आहे यावर. म्हणून तर दुसऱ्या खेपेला पोट लवकर दिसतं, स्नायू आधीच सैलावलेले असतात.

आणि एक सांगते, जरा रागानंच. आपल्या दोन जिल्ह्यांत तरी ही चेष्टा मला सोसत नाही. साताऱ्यात २०११ मध्ये 'नकुशा' नावाच्या अडीचशेहून जास्त मुलींची नावं जाहीर कार्यक्रमात बदलावी लागली. म्हैसाळच्या ओढ्याकाठी २०१७ मध्ये गर्भपात करून टाकलेले भ्रूण सापडले, ते सांगलीकरांना मी सांगायला नको. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा १९९४ चा कायदा प्रत्येक सोनोग्राफी सेंटरच्या भिंतीवर लावलेला असतो, आणि त्याच भिंतीखालच्या बाकावर बसून बायका एकमेकींची पोटं वाचत असतात.

असो. भेगांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. पोट, मांड्या, छाती, सगळीकडे पडल्या. आधी जांभळट, आता पांढुरक्या. खोबरेल, बदामतेल, महागडी क्रीम, सगळं करून झालं. त्यानं त्वचा मऊ राहते, खाज कमी होते. भेगा पडायच्या त्या पडतातच. आईच्या पोटावर आहेत का ते विचार, बरंचसं तिथूनच येतं.

वारणाकाठची

यवतेश्वर, काउंटरला रोज कुणीतरी विचारायचं, "मॅडम, पेढे का बर्फी?" आणि गाव साताऱ्यासारखं कंदी पेढ्यांचं! मी एकाला सांगितलं, तुमचा हप्ता थकलाय तो आधी भरा, मग तोंड गोड करू.

आईला भेगांचं विचारलं. तिनं पदर बाजूला करून दाखवल्या. इतक्या वर्षांत मी त्या पाहिल्याच नव्हत्या.

नवाबाबा_कऱ्हाड

पुरुषानं लिहिलेलं चालेल ना? बायकोला सहावा चालू आहे. काल तिला म्हटलं, तू अजून पण छान दिसतेस. तर रडायलाच लागली. माझं काय चुकलं?

तासगावकरीण

"अजून पण."

रात्री तिच्या पिंडरीत गोळा आला की गुडघा सरळ ठेवून पावलाचा पंजा वर तिच्या दिशेनं ओढून धरायचा. लगेच सुटतो. त्या वेळी काही बोलायचं नाही.

मिरजेची_आजी (नात टाईप करतेय, आजी बोलेल तसं)

पोरींनो, तुमाला निदान विचारायला जागा तरी हाय. माजं पयलं बाळंतपण ७६ सालचं. आमाला कोण सांगनार? आई बोलायची न्हाई, सासू तर न्हाईच न्हाई. पोटावर चिरा पडाया लागल्या तवा मला वाटलं पोट फुटनार. खरंच वाटलं. मी पदर घट्ट आवळून बांधून झोपायची, मालकांना कळू द्यायची न्हाई. धुनं धुताना शेजारनीचं पोट दिसलं, तिच्यावर बी चिरा, तवा जीवात जीव आला.

आता माजं ऐका. बाळंत झाल्यावर पोट करकचून बांधायचं, सव्वा म्हैना. शेक-शेगडी सोडायची न्हाई. अळीव, डिंक, मेथी, बाळंतशेपा. मग कंबर धरत न्हाई आनि पोट सुटत न्हाई. आताच्या पोरी बांधत न्हाईत म्हनून पोटं तशीच ऱ्हातात.

हाडं_आणि_स्नायू

आजी, नमस्कार. मी फिजिओथेरपिस्ट आहे. लाडू आणि अळीव माझ्याकडून मंजूर. डिंक-तूप बेतानं खायचं, कारण पहिल्यासारखं कुणी आता विहिरीवरून पाणी आणत नाही.

पोट बांधण्याबद्दल मात्र थोडं भांडते. पिशवी वाढून बाळंतपणाच्या वेळी साधारण एक किलोची झालेली असते आणि सहा आठवड्यांत शंभर ग्रॅमच्या आत येते. ती स्वतः आकुंचन पावते, बाळ अंगावर प्यायला लागलं की आणखी. म्हणूनच पाजताना ओटीपोटात कळ येते. पट्ट्यानं तिला आत ढकलता येत नाही, चरबीही वितळत नाही. पट्ट्याचा उपयोग आधारापुरता. सिझर झालं असेल तर उठताना-खोकताना टाका कमी दुखतो, कंबरेला बरं वाटतं. करकचून बांधलं तर दाब खाली ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर येतो, म्हणजे शिंकताना लघवी होते तिथेच. हाताची दोन बोटं सहज आत जातील इतकंच बांधावं.

पोट सुटलेलं दिसतं त्याचं एक कारण चरबी नसतंच. पोटाच्या मधोमध दोन उभे स्नायू असतात, ते शेवटच्या महिन्यांत एकमेकांपासून लांब जातात. बहुतेकींचे पहिल्या दोन महिन्यांत बरेचसे जवळ येतात. नाही आले तर व्यायाम असतात, पण ते शिकून करायचे. घाईघाईनं उठाबशा आणि पोटाचे क्रंच सुरू केले तर उलटंच होतं.

वारणाकाठची, थेंबभर लघवीसाठी आजपासूनच सुरू कर. वारा अडवताना जे स्नायू आवळतो ते आवळायचे, पाच-सहा आकडे मोजायचे, पूर्ण सोडायचे, दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही. टीव्हीपुढे बसून जमतं, कुणाला कळत नाही.

शेगडीचं तेवढं आजींच्या नातीनं मनावर घ्यावं. दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत कोळसा जळला की विषारी वायू साठतो, त्याला वासही नसतो. बाळासाठी तर अजिबात नको. शेक हवा असेल तर गरम पाण्याची पिशवी आहे.

मिरजेची_आजी

नातीनं वाचून दाखवलं. शेगडीचं पटलं. पट्ट्याचं बगू.

सडेतोड

सगळं वाचलं. एवढा बाऊ कशाला? करोडो बायकांना हेच होतं. शेतात काम करता करता बाळंत व्हायच्या पूर्वी. आजकाल प्रत्येक गोष्टीचं दुखणं करायची फॅशन आहे.

वारणाकाठची

करोडो बायकांना होतं म्हणूनच तर आधी सांगता आलं असतं ना. दाढदुखीही करोडोंना होते, तुम्ही कळ आली की गप्प बसता का? आणि शेतात बाळंत झालेल्यांतल्या किती घरी परत आल्या, हेही त्या आठवणीत धरा.

आजींनी पदर आवळून झोपण्याचं लिहिलं ते मी आईला वाचून दाखवलं. आई बराच वेळ बोलत होती नंतर.

बरं, एक नवीन. तळहात आणि तळपाय खूप खाजताहेत, रात्री तर झोपू देत नाहीत. पुरळ वगैरे काही नाही. पोटाची कातडी ताणल्यामुळे खाजते तसंच असेल का हे? आई म्हणते उष्णता आहे, सब्जा पी.

डॉक्टरीणबाई

सब्जा हवा तर प्या, पण उद्याच दवाखान्यात जा. पुढच्या तपासणीची वाट बघू नका.

पोट खाजणं वेगळं. तळवे खाजणं, रात्री वाढणं, पुरळ नसणं, तेही शेवटच्या महिन्यांत, हे ऐकलं की आम्ही यकृताकडे बघतो. काहींच्या बाबतीत गरोदरपणात पित्ताचा प्रवाह मंदावतो आणि रक्तात पित्ताम्लं वाढतात. आईला त्रास खाजेचाच, पण प्रमाण खूप वाढलं तर बाळाला धोका असतो. लिव्हर फंक्शन आणि बाईल अ‍ॅसिड अशा दोन रक्ततपासण्या. निघालंच तर औषध आहे, देखरेख वाढवतात, कधी प्रसूती थोडी आधी करतात. बऱ्याचदा काही निघतही नाही.

धागा वाचणाऱ्या इतरांसाठी: संध्याकाळी पाय सुजणं साधं. पण चेहरा आणि हात एकाएकी सुजले, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे, बरगड्यांखाली दुखतंय, तर लगेच बीपी. १४०/९० किंवा वर असेल तर त्याच दिवशी दाखवा. एकच पिंडरी सुजली, लाल झाली, दुखली तर चोळत बसू नका, दाखवा, रक्ताची गाठ असू शकते. आणि बाळाची हालचाल कमी वाटली तर रात्रीचे किती वाजलेत हे बघू नका.

ज्यांना खासगी दवाखाना परवडत नाही त्यांच्यासाठी, दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. २०१६ पासून चालू आहे, तरी अजून पुष्कळांना ठाऊक नाही.

रात्रपाळी

माझं बाळ पाच महिन्यांचं आहे. नंतरचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

बाळ बाहेर आलं की पोट जातं असं मला वाटायचं. दुसऱ्या दिवशी आरशात बघितलं तर सहाव्या महिन्याएवढं पोट होतं, फक्त मऊ. वॉर्डात एका मावशीनं विचारलंही, कधीची तारीख आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरलं तेव्हा छाती दगडाची झाली, ताप आल्यागत वाटलं. अंगावरून जाणं काही आठवडे चाललं. आणि त्याच दिवसांत कारण नसताना रडू. भिंतीवरची पाल बघून रडले मी. पहिल्या आठवड्यात बऱ्याच जणींना होतं आणि ओसरतं. दोन आठवडे झाले तरी ओसरलं नाही, झोप-भूक गेली, बाळाकडे बघावंसंच वाटेना, तर दृष्ट काढत बसू नका, डॉक्टरांना सांगा. माझ्या बहिणीला औषध लागलं. आता ती छान आहे.

केस! गरोदरपणात काय दाट झाले होते. तिसऱ्या महिन्यानंतर मोरीत पुंजके. गरोदरपणात जे गळायचे थांबलेले असतात ते सगळे एकदम गळतात. टक्कल पडत नाही, वर्षभरात भरून येतात. माझ्या कपाळावर आत्ता बारीक नवे केस उभे राहिलेत, तेल लावलं तरी बसत नाहीत.

रेघ अजून आहे, पण फिकी.

हरिपूररोड

वारणाकाठची, तारीख ऑगस्टची ना? मग शरीराइतकंच नदीचंही बघ. २०१९ ला माझ्या वहिनीला नववा चालू होता. पाणी वाढायला लागल्यावर आम्ही तिला आधीच विश्रामबागला नातेवाइकांकडे हलवलं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. घर नदीकडच्या पेठांत असेल तर ४० ची वाट बघू नका, पाय सुजलेल्या बाईला चिखलातून पळता येत नाही. फाईल, सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्तगटाचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत एकत्र ठेवा, आणि दवाखाना पाण्याच्या कुठल्या बाजूला येतो ते आत्ताच विचारून घ्या.

पालवी

मध्येच विचारते. मला पाचवा, हिमोग्लोबिन ९.२. लोहाच्या गोळीनं पोट साफ होत नाही आणि शौचाला काळं होतं. बंद करू का? आणि मला पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते. कुणाला सांगू नका.

डॉक्टरीणबाई

बंद करू नका. काळं होणं अपेक्षित आहे, घाबरायचं नाही. गोळी कॅल्शियमबरोबर घेऊ नका, चहाबरोबर तर मुळीच नको, दोन्हींमुळे लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर चालेल. पाणी, पेरू, पालेभाज्या वाढवा. तरीही त्रास झाला तर गोळी बदलून मिळते. ११ च्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे रक्त कमीच, आणि पेन्सिल, माती, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं हे बऱ्याचदा त्याचंच लक्षण असतं. हे पुढच्या तपासणीत नक्की सांगा. तुम्ही पहिल्या नाही.

पालवी

हुश्श. मला वाटलं वेड लागलंय.

तासगावकरीण

मी भिंतीचा चुना खाल्लाय. बोल.

वारणाकाठची

जाऊन आले. दोन्ही रक्ततपासण्या नॉर्मल. खाज राहिली किंवा वाढली तर काही दिवसांनी पुन्हा करायच्या, कारण कधी कधी पित्ताम्लं नंतर वाढतात. डॉक्टरांनी विचारलं, तळव्यांचं आपणहून सांगितलंत, कुणी सुचवलं? मी म्हटलं, ओळखीच्या आहेत. ओळख कसली, टोपणनावसुद्धा आजच पाठ केलं.

वजन सांगणाऱ्या सिस्टरांनाही आज म्हटलं, हळू बोलाल का. त्यांनी कागदावर लिहून दिलं. इतकं सोपं होतं.

फिजिओबाई, व्यायाम चालू केलाय. आईपण शेजारी बसून करते. तिला शिंकेचा त्रास मी झाल्यापासून आहे म्हणे. आता या वयात उपयोग होईल का?

हाडं_आणि_स्नायू

होईल. स्नायू आहे तो, वय बघत नाही. सलग तीन महिने करायला सांग. तेवढ्यानं फरक पडला नाही तर एकदा तपासून घ्या. दवाखान्याच्या बॅगेत तुझ्यासाठी पुढून बटणांचे गाऊन आणि सैल चपला ठेव, सगळ्यांच्या बॅगा बाळाच्या कपड्यांनीच भरलेल्या असतात.